वाटीतलं पिवळं दूध

महिनाभरात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. 'बाळंतिणीचं पहिल्या तीन दिवसांचं दूध साठलेलं असतं, ते पिळून टाका. तोवर बाळाला मध चाटवा, गाईचं दूध द्या. उन्हाळ्यात पाणी पाजा. दूध पातळ दिसलं तर त्यात कस नाही. सहा महिन्यांनी तर त्याचं पाणीच होतं.' खाली लिहिलेलं, प्रत्येक आईपर्यंत पोचवा. पोचलाही. एप्रिलमध्ये नाशिकच्या सिडकोत माझी भाची बाळंत झाली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले, तर तिच्या उशाशी स्टीलची वाटी. तळाला चमचाभर घट्ट, पिवळं दूध. टाकायला काढून ठेवलेलं.

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. ती वाटी बघून पोटात कालवलं.

हे पहिलं घट्ट दूध म्हणजे चीक. तो गरोदरपणातच तयार व्हायला लागतो हे खरं, पण तो अंगात शिळा होत नाही. पिवळा रंग बीटा कॅरोटिनचा, गाजरात असतं तेच. आणि या चिकात आयजीए नावाची प्रतिपिंडं पुढच्या दुधापेक्षा कितीतरी जास्त असतात. ती बाळाच्या आतड्याच्या अस्तरावर पसरतात आणि जंतूंना तिथे चिकटू देत नाहीत. गाईच्या चिकाचा खरवस आपण शेजारीपाजारी वाटून खातो. बाळाच्या वाट्याचा तेवढा मोरीत.

मधाबद्दल मी अजिबात मवाळ बोलणार नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्याच्या रुजतात आणि विष तयार करतात. बाळ ढिलं पडतं, रडणं क्षीण होतं, चोखता येत नाही, श्वासही अडकू शकतो. वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचं बोटसुद्धा नको.

गाईचं दूध वासरासाठी असतं. त्यात प्रथिनं आईच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट, क्षारही जास्त. तो भार तान्ह्याच्या मूत्रपिंडांवर पडतो.

आता पातळपणाचं. आईच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे ७ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, असतं, गाईच्या दुधापेक्षा जास्त. पाजायला घेतल्यावर आधी पातळ दूध येतं, मग स्निग्धांश वाढत जातो. म्हणून दोन मिनिटांत बाजू बदलू नये, एक बाजू नीट पिऊ द्यावी. पण मला सगळ्यात नवल वाटतं ते त्यातल्या ऑलिगोसॅकराइड्स नावाच्या शर्करांचं. लॅक्टोज आणि स्निग्ध पदार्थांनंतर दुधात घन घटक म्हणून यांचाच नंबर, लिटरमागे ५ ते १५ ग्रॅम. आणि बाळाला त्या पचतच नाहीत! मग आईचं शरीर एवढा खटाटोप कोणासाठी करतं? आतड्यातल्या बिफिडोबॅक्टेरियम इन्फँटिस या जिवाणूसाठी. तो त्यांच्यावर वाढतो, आम्ल सोडतो, त्या आंबट वातावरणात रोगजंतूंना थारा मिळत नाही. काही जंतू तर आतडं समजून या शर्करांनाच चिकटतात आणि शीवाटे बाहेर पडतात. वाटीत डोकावून यातलं काय दिसणार?

पाण्याचं म्हणाल, तर आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं. भारतातल्या उन्हाळ्यात केलेला अभ्यास १९९१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला: फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांना वरच्या पाण्याची गरज नाही. नाशिकचा पारा चाळिशीला टेकला तरी पाणी आईने प्यावं, बाळाने नाही. कारण बाळाचं पोट पाण्याने भरलं की ते कमी ओढतं, आणि जेवढं ओढलं जातं तेवढंच दूध पुढे तयार होतं. 'पुरत नाही' या शंकेपोटी वरचं सुरू होतं आणि मग खरोखरच पुरत नाही. मेसेजचं सर्वांत मोठं नुकसान हेच.

सहा महिन्यांनी दुधाचं पाणी होत नाही. बाळाची लोहाची गरज मात्र दुधाने भागेनाशी होते, म्हणून नागलीची पेज, वरणभात, अंडं सुरू करायचं आणि दोन वर्षांपर्यंत अंगावरही पाजायचं.

काही आयांना दूध खरंच कमी येतं. त्यात त्यांचा काही दोष नाही. पण ते ठरवायचं वजनावरून आणि ओल्या लंगोटांवरून: पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा तरी हवेत. कमी असतील तर लगेच डॉक्टरांकडे.

ती वाटी मी टाकू दिली नाही. ताजंच होतं, स्वच्छ चमच्याने भाचीने बाळाला पाजलं, मग छातीशी घेतलं. सहाव्या दिवशी तिचा फोन आला, "मावशी, आज आठ लंगोट."