साथ आली तरी घरातल्या एका माणसाला आत सोडा

वृद्धाश्रमात किंवा केअर सेंटरमध्ये साथ शिरली की सगळ्यात आधी फाटक बंद होतं. घरी फोन येतो, "भेटी बंद केल्यात, काळजी करू नका, आम्ही बघतोय." बघणारी माणसं खरंच जिवापाड बघत असतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण सरसकट फाटक बंद करणं मला मान्य नाही. प्रत्येक आजारी माणसामागे घरातल्या एकाला, मास्क लावून, आत सोडलंच पाहिजे.

माझे बाबा ८४ वर्षांचे आहेत. अर्धांगवायू, त्यात डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. घरी उचलणं-बसवणं जमेना म्हणून ते पुण्यातल्या एका केंद्रात असतात. जानेवारीत तिथे फ्लू आला. बाबांना ताप आलाच नाही. उतारवयात असं पुष्कळदा होतं, ताप नाही, खोकला जेमतेम, पण माणूस एकदम बदलतो. रात्रपाळीच्या मावशींनी सिस्टरना सांगितलं, "काका आज वेगळेच वागतायत. जेवले नाहीत, मला ओळखेनात." त्या एवढ्यावरून तपासणी झाली आणि फ्लूवरचं ऑसेल्टामिविर वेळेत सुरू झालं. हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं, म्हणून त्या मावशींचे उपकार मी विसरणार नाही.

बाबांना जे झालं त्याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. डिमेन्शिया वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो, हा भ्रम काही तासांत येतो. संसर्ग, पोटात पाणी कमी जाणं, झोपमोड, अनोळखी जागा, यातलं काहीही त्याला पुरतं. आता विलगीकरणाची खोली डोळ्यांसमोर आणा. पलंग वेगळा, खिडकी वेगळी, चष्मा आणि कानाचं मशीन कुठेतरी पिशवीत. कमी ऐकू येणारी माणसं समोरच्याच्या ओठांकडे बघून अंदाज बांधतात, ते ओठही मास्कआड. अशा वेळी ओळखीचा आवाज कानावर पडणं हा उपचाराचाच भाग आहे, आणि डॉक्टरही हेच सांगतात.

व्हिडिओ कॉल करून बघितला. न्यू जर्सीहून भाऊ "बाबा, मी बोलतोय" म्हणत राहिला आणि बाबा छताकडे बघत राहिले. फोनमधला चेहरा आपल्या मुलाचा आहे हे त्यांना उमगत नाही. भाऊ रडवेला होऊन म्हणाला, "ताई, घरी नेऊया का त्यांना?" हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. माझं उत्तर नाही होतं. घरी आई ८० वर्षांची, तिला लागण झाली तर? आणि भ्रमातल्या माणसाला अजून एक नवी खोली कशाला? ऑक्सिजन उतरायला लागला किंवा धाप लागली तर थेट हॉस्पिटल, तोपर्यंत आहे तिथेच, असं आम्ही डॉक्टरांना विचारून ठरवलं.

संचालकांशी दोनदा बोलणं झालं, मग त्यांनी परवानगी दिली. रोज जेवणाच्या वेळी, एन-९५ आणि गाऊन घालून, दुसऱ्या कुठल्या खोलीत न जाता. बाबांना ताठ बसवून चमच्या-चमच्याने पेज भरवायला खूप वेळ लागतो. घाईत किंवा आडवं असताना भरवलं तर घास श्वासनलिकेत जातो आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. अख्खा मजला सांभाळणाऱ्या मावशींनी एका वाटीला इतका वेळ कुठून आणायचा? घरचं माणूस आलं की त्यांचाच भार हलका होतो.

"तुम्हीच विषाणू आत आणाल," असं म्हणतात. धोका आहेच. पण मावशीही रोज बसने घरी जातात, काही जणी दुसरीकडेही काम करतात. जे नियम त्यांना, तेच मला लावा. २०२० मध्ये कॅनडात वृद्धांच्या केंद्रांमध्ये माणसं इतकी कमी पडली की लष्कर बोलवावं लागलं, आणि घरचे मात्र बाहेर उभे होते. नंतर ऑंटारिओ प्रांताने नातेवाइकांना अत्यावश्यक काळजीवाहक मानून साथीतही आत जायची मुभा दिली. आपण ती किंमत मोजून मगच शिकायचं का?

फ्लू गेला, पण बाबा अजून आधाराशिवाय उभे राहत नाहीत. अंथरुणावरच्या थोड्या दिवसांतही म्हाताऱ्या पायांतली ताकद जाते, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. ताप-खोकला ओसरला की लगेच फिजिओथेरपीचं विचारा.

आपल्याकडे फ्लू थंडीत येतो तसा पावसाळ्यातही वाढतो. म्हणून पावसाच्या आधी केंद्रात जाऊन विचारा, फ्लूची लस राहणाऱ्यांना दिली का, आणि मावशींना दिली का? ही लस दरवर्षी घ्यावी लागते. मावशींच्या लशीचे पैसे आपण नातेवाइकांनी वर्गणी काढून भरावेत, मी माझा वाटा द्यायला तयार आहे. आणि केंद्र चालवणारं कुणी हे वाचत असेल तर प्रवेशाच्या अर्जात एक ओळ वाढवा: साथीच्या काळात आत येणाऱ्या नातेवाइकाचं नाव आणि फोन नंबर.