भांडं घासल्याची शिक्षा

आम्ही सगळे मिळून घरमालकाशिवाय चालवतो त्या सहकारी घराच्या कालच्या मीटिंगमध्ये मला दोन तासांची जादा ड्युटी लागली, संडास-बाथरूमची, आणि गुन्हा काय तर मी एक भांडं घासलं. कामवाटपाच्या चार्टप्रमाणे त्या रात्रीची भांडी दुसऱ्याकडे होती, तो पाणी ओतून "भिजत ठेवलंय" म्हणून झोपायला गेला, पुढे भांड्याला वास यायला लागला म्हणून मी घासून टाकलं. विषय संपला ना?

नाही संपला. ज्याची ड्युटी होती तो तर सुटलो म्हणून खुश होता. तक्रार केली सोफ्यावरच्या पाहुण्याने. हा कोणाचा तरी मित्र, "दोन दिवसांसाठी" आलेला, नक्की कोणाचा ते आता कोणीच कबूल करत नाही. मेंबर नाही, भाडं नाही, चार्टवर नाव नाही. पण मीटिंगला सगळ्यांच्या आधी हजर, कारण मीटिंग त्याच्या अंथरुणाभोवतीच भरते.

पांघरूण गळ्यापर्यंत ओढून म्हणाला, "माझं भांड्याबद्दल काहीच म्हणणं नाही. मला प्रोसेसबद्दल बोलायचंय."

मी म्हणाले, "अरे, तुला इथे मत नाहीये."

"मत नाही गं, निरीक्षण आहे."

आणि चार-पाच जणांनी चक्क हात वर करून बोटं हलवली! आमच्यात टाळ्या नाहीत, पटलं की बोटं हलवायची. मग पाऊण तास एकच चर्चा, दुसऱ्याचं काम परस्पर उरकलं की त्याला जबाबदारी कळणार कशी. मधे त्याने उशी मागितली, ती मीच दिली. शेवटी ठराव त्यानेच लिहून काढला, माझ्या पेनाने.

१८४४ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या २८ जणांनी एक सभासद एक मत हे तत्त्व लावून सहकारी दुकान काढलं, १९३३ मध्ये मंदीत अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यार्थ्यांना खोल्या परवडेनात म्हणून त्यांनी एकत्र राहून कामं वाटून घेतली. मोठी माणसं. त्यांच्याकडे सोफा होता का, एवढंच मला विचारायचंय.

इथे भाडं स्वस्त पडतं हे खरंय, मधे कोणी नफा काढणारा नाही आणि झाडूपोछा आपणच करतो. मनात आलं म्हणून कोणी उद्या खोली खाली कर म्हणत नाही. मी तापाने फणफणले होते तेव्हा रात्रभर कोणी ना कोणी जागं होतं, हेही लिहायला हवं, नाहीतर अन्याय होईल. पण घरमालक नसल्याचा तोटा कोणी सांगत नाही. शिव्या कोणाला घालायच्या? मालक आपणच. नळ गळला, समिती. समिती गळली, मीटिंग. आणि जो राबतो त्याच्याच चुका निघतात, कारण चार्टवर त्याचंच नाव असतं. ज्याचं नावच नाही त्याची चूक काढणार कशी? हे मी काल बोलणार होते, पण माझा नंबर येईपर्यंत मीटिंगची वेळ संपली होती, आणि वेळ तोच बघत होता.

आज फळ्यावर त्याचा मेंबरशिपचा अर्ज लागलाय. पुढच्या मीटिंगला निर्णय, सर्वसहमतीने. म्हणजे मी एकटी ब्लॉक करू शकते. फक्त ब्लॉकला वैयक्तिक राग चालत नाही, तत्त्व लागतं.

शोधतेय. संडास घासता घासता सापडेलच एखादं.