त्या खोक्यात नक्की काय टाकायचं?

कंट्रोल-स्पेस दाबलं की स्क्रीनच्या मधोमध एक खोकं उघडतं, त्यात अ‍ॅपचं नाव टाइप करायचं, एंटर मारायचा, अ‍ॅप उघडतं. याला लाँचर म्हणतात. आमच्यावाल्यात कॅल्क्युलेटरपण आहे, म्हणजे १२*३ टाइप केलं की खाली लगेच ३६. तर "यात काय काय टाइप केलेलं चालतं ते एका पानात लिहून दे ना, अर्ध्या तासाचं काम आहे" असं आमचा डेव्हलपर म्हणाला. दुसऱ्याने करायचं काम कायम अर्ध्या तासाचंच असतं.

बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार दोन ओळीत उरकले. मग आला घात. लोक टोपी घालून २^३ लिहितात. पण आत बसलाय पायथॉन (ही प्रोग्रॅमिंगची भाषा), आणि त्याच्याकडे घाताला डबल स्टार लागतो, टोपी म्हणजे एक्सॉर, दोन आकड्यांचे बिट ताडून बघायची वेगळीच क्रिया, त्यामुळे तिथे २^३ चं उत्तर येतं १. आठ नाही, एक! "ते मी आतल्या आत बदलतो रे, टोपी दिसली की डबल स्टार," इति डेव्हलपर. बरं. मग -२^२ चं काय? पायथॉन आधी घात करतो, मग वजा लावतो, म्हणून -४. एक्सेल आधी वजा चिकटवतो, म्हणून ४. मी पानावर -४ लिहिलं. त्याने वाचलं, डोकं खाजवलं, म्हणाला "पण आपले निम्मे लोक एक्सेलवाले आहेत", आणि संध्याकाळपर्यंत ४ यायला लागलं. मी पान बदललं. मग कोणीतरी गणितवाला त्याच्याशी भांडला आणि परत -४. म्हणजे मी प्रोग्रॅमबद्दल लिहित नव्हतोच, मी लिहीन तसा प्रोग्रॅम हलत होता. २^३^२ चा विषय मी काढलाच नाही (पायथॉन ५१२ देतो, एक्सेल ६४), झाकली मूठ राहू दे.

टक्के तर विचारूच नका. २००+१०% म्हणजे टेबलावरच्या साध्या कॅल्क्युलेटरवर बहुतेक वेळा २२०, आणि टक्के म्हणजे भागिले शंभर असं सरळ धरलं तर २००.१. पायथॉनला % म्हणजे भागाकाराची बाकी, तो १० च्या पुढे दुसरा आकडा शोधत बसतो आणि एरर देतो. तीन माणसांना विचारलं की तिघं तीन उत्तरं देतात, आणि प्रत्येकाचा आवाज असा की यात विचारण्यासारखं काय आहे.

स्वल्पविरामावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. मॅक्स(१२,५००) असं टाइप केलं, मॅक्स म्हणजे कंसातला सगळ्यात मोठा आकडा दे. आता हे बारा आणि पाचशे असे दोन आकडे, की साडेबारा हजार असा एकच? शिवाय जर्मन सेटिंग असेल तर स्वल्पविराम हाच दशांश चिन्ह, म्हणजे साडेबारा! एका चिमुकल्या शेपटीने ५००, १२५०० आणि १२.५, तिन्ही बरोबर. शेवटी फंक्शनच्या आत अर्धविराम वापरा असं ठरलं, जो कोणीही वापरणार नाही.

साइन(९०) टाकून १ ची वाट बघणाऱ्यांना ०.८९३९९६... मिळतं कारण आत कोन अंशांत नाही, रेडियनमध्ये धरला जातो, ही एक ओळ मी ठळक केली. ०.१+०.२ ला ०.३०००००००००००००००४ यायचं, कारण बायनरीत, म्हणजे कॉम्प्युटरच्या शून्य-एकच्या मोजणीत, ०.१ नेमका बसतच नाही, ते त्याने राउंड करून झाकलं. आणि हो, हे सगळे आकडे मी इथे देवनागरीत लिहितोय खरे, पण खोक्यात १२+३ असंच्या असं देवनागरीत टाकलं तर पायथॉन भडकतो. नुसत्या '१२' चा आकडा करून दे म्हटलं तर मात्र गुपचूप करून देतो. स्वभाव असतो एकेकाचा.

यात लाँचरचा आपला वेगळा त्रास म्हणजे तो प्रत्येक की दाबल्यावर हिशोब करायला धावतो. सेव्हन-झिप (7-Zip, फायली दाबून लहान करणारं अ‍ॅप) उघडायचं म्हणून ७- एवढं टाइप झालं की याला वाटतं वजाबाकी सुरू झाली, आणि खाली लाल अक्षरात "अपूर्ण गणित". लिनक्सवरच्या केडीई डेस्कटॉपचा केरनर नावाचा असाच लाँचर आहे, त्यात सुरुवातीला = लावून सांगता येतं की बाबा हे गणित आहे, ते मी सुचवून पाहिलं. "एक की जास्त दाबायची?" असं त्याने अशा चेहऱ्याने विचारलं की मी विषय सोडला.

शेवटचा राहिला कंस. २*(१२+३ एवढंच टाइप केलं, कंस बंद न करता, तर ३० आलं. विचारलं, हे मुद्दाम आहे का? तो जरा वेळ स्क्रीनकडे बघत राहिला आणि म्हणाला, "फीचर आहे, लिहून टाक." लिहिलं, शेवटचा कंस ऐच्छिक आहे. पान वर गेल्यावर पहिलाच प्रश्न आला की मग सुरुवातीचा कंस पण ऐच्छिक आहे का. मी नाही म्हणून उत्तर टाइप करतच होतो तेवढ्यात मागून आवाज आला, "थांब थांब, करता येईल की ते."