जळाल्यावरच जाग येते का?

दर वेळी तेच. नाट्यगृह सुस्थितीत असतं तेव्हा कोणी ढुंकून बघत नाही आणि काही झालं की सगळे हळहळायला हजर! कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेलं, शेजारी खासबाग मैदान, म्हणजे एका राजाने नाटक आणि कुस्ती दोन्हीला सारखाच मान दिला होता हो... आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ज्यांचं नाव त्याला दिलंय त्या गायक-नट केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री ते जळालं. मला अजूनही ते फोटो बघवत नाहीत.

आणि बाकीच्या शहरांत काय वेगळं चाललंय? पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर पाडायचं की ठेवायचं हा वाद किती वर्षं चाललाय, मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ ला बंद झालं ते थेट २०१६ ला उघडलं, मधल्या काळात एक अख्खी पिढी मोठी झाली. आमच्या इथल्या नाट्यगृहात तर मध्यंतरात बायकांच्या टॉयलेटबाहेर ही मोठी रांग, आत पाणी नाही, एसी कधीही बंद पडतो, मेकअप रूमच्या भिंतींना ओल, आणि त्यात हक्काची रविवारची तारीख कुठल्यातरी सत्कार समारंभाला देऊन टाकतात, मग नाटकवाल्यांनी जायचं कुठे?? कोटींच्या नूतनीकरणाचे बोर्ड नकोत, आधी वायरिंग तपासा, आग विझवायची यंत्रणा चालते का ते दर वर्षी बघा आणि तो रिपोर्ट दाराशी लावा, आम्ही तिकीट काढून आत बसतो, आम्हाला कळायला पाहिजे.