बोडीच्या तोंडाशी कर्दळ लावा ना बावा

परवा पहिला दणकून पाऊस झाला अन् सिमेंट रोडवरचं सगळं पाणी, शेण, ट्रॅक्टरचं ऑइल, खर्ऱ्याच्या पन्न्या घेऊन नालीनं थेट आमच्या बोडीत, म्हणजे गावच्या लहान तळ्यात. चार दिवसांनी गेलो तं हिरवा तवंग, काठाला मेलेल्या मासोळ्या, अन् वर नवीन पेव्हर ब्लॉक, स्टीलची रेलिंग मस्त चमकून राहिली. सुशोभीकरण म्हणे!

आमची आजी मोरीच्या पाण्यावर कर्दळ अन् केळ लावायची. तिथं कधी वास नाही का चिखल नाही. शहरात आता इंजिनिअर लोक नकाशे काढून तेच करतात, नाव कन्स्ट्रक्टेड वेटलँड. पाणी आधी एका खड्ड्यात थांबवायचं, गाळ बसू द्यायचा, मग कर्दळ नाहीतर पाणकणीस लावलेल्या गिट्टीच्या वाफ्यातून हळूहळू जाऊ द्यायचं. खरं काम गिट्टीले अन् मुळांले चिकटलेले जिवाणू करतात, घाण तेच खातात. नायट्रोजन बराचसा हवेत जाते, फॉस्फरस गाळात-गिट्टीत अडकते. हेच दोन्ही तसेच बोडीत गेले की शेवाळ माजते, रात्री पाण्यातला ऑक्सिजन संपते अन् सकाळी मासोळ्या वर. मग ढीवर लोकांनी मासोळीचं बीज टाकलं काहून?

ऑस्ट्रेलियात ॲडलेडजवळ सॅलिसबरी आहे, तिथं पाऊस हिवाळ्यात पडते. ते लोक रस्त्यावरचं पाणी अशा वेटलँडमधून साफ करून बोअरनं जमिनीत सोडतात अन् उन्हाळ्यात काढून बगिच्याले, कारखान्याले देतात. त्यायले तळे खोदा लागले. आपल्या भंडारा-गोंदियात मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारांचे, जुन्या जमीनदारांचे तलाव, अन् बोड्या आयत्याच आहेत, पण १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले अन् पाळ कोणी पाहायची ते काही नीट ठरलंच नाही.

मच्छर होतील म्हणाल, तं गिट्टीच्या वाफ्यात पाणी वर दिसतच नाही, अंडी घालेल कुठं? खरी अडचण पन्न्यांची आहे. तोंडाशी जाळी नाही लावली, खड्ड्यातला गाळ दरवर्षी नाही उपसला, तं वाफा चोक होणारच. कर्दळही वाढली की कापा लागते, नाहीतर सडून पुन्हा पाण्यातच. अन् हे पाणी धानाले, झाडाले चालते, प्याले नाही. ज्यानं संडासाचा पाईप नालीत सोडला त्यानं आधी तो बंद करा, नाव घेत नाही, तुम्हाले माहीत आहे.

नालीच्या तोंडाशी गुंठाभर जागा आहे, सध्या बेशरम माजलाय. कर्दळीचे कांदे माझ्या वाडीत पडून आहेत, गिट्टीची एक ट्रॉली मी देतो. रविवारी कुदळ-फावडं घेऊन कोण कोण येते ते खाली लिहा, नुसता अंगठा नका दाबू.