कच्चाच रस प्या म्हणे!

सोलापुरातल्या ग्रुपांवर फिरणारा तो मेसेज असा: पालेभाजी शिजवली की सत्त्व मेलं, म्हणून पालक-मेथीचा कच्चा रस, तेलाचा थेंब न घालता, थायरॉईडच्या गोळीबरोबर उपाशीपोटी घ्या, 21 दिवसांत थायरॉईड, पीसीओडी (पाळी बिघडवणारा बीजकोशांचा विकार) साफ.

शिजवली की सत्त्व मेलं? अर्धं खरं. भरपूर पाण्यात उकळून पाणी फेकलं तर क जीवनसत्त्व आणि फोलेट (ब गटातलं जीवनसत्त्व) बरंच जातं. पण दोन मिनिटं परतणं म्हणजे उकळणं नव्हे. उलट पानाच्या पेशी मऊ झाल्या की त्यातलं बीटा-कॅरोटीन (ज्याचं शरीरात अ जीवनसत्त्व होतं) अंगी जास्त लागतं. शिवाय पालक, राजगिरा, चाकवत यांत ऑक्सलेट, म्हणजे मुतखडा बनवणारा क्षार, भरपूर. रोज ग्लासभर कच्चा पालकरस म्हणजे मुतखड्याच्या माणसाने दुखणं ओढवून घेणं. अशांनी मेथी घ्यावी, तिच्यात ते बरंच कमी. पालक हवाच असेल तर मिनिटभर उकळून पाणी ओतून द्यावं. इथे तेवढं फोलेट गेलेलं परवडतं.

तेल नको? बीटा-कॅरोटीन आणि के जीवनसत्त्व तेलात विरघळतात. स्निग्धांश नसेल तर नीट शोषलेच जात नाहीत. आपल्याकडे करडईचं तेल असताना हा उपास कशाला?

दोघांसाठी कोमट सॅलड असं करा. निवडलेला पालक 150 ग्रॅम, मेथी किंवा करडईची कोवळी भाजी 100 ग्रॅम. करडई थंडीच्या सुरुवातीची, पानांच्या कडांना काटे धरायच्या आधीची. तीन पाण्यांतून धुऊन फडक्यावर कोरडी करा. पानं ओली राहिली की ती परतली जात नाहीत, आपल्याच पाण्यात शिजून लगदा होतात. पसरट कढईत दोन चमचे तेल, ठेचलेल्या पाच लसूण पाकळ्या. कडा पिवळसर दिसताच कोवळे देठ टाका (लसूण तपकिरी झाला की सगळं कडवट). मिनिटभराने मोठ्या आचेवर पानं, दोन खेपांत, प्रत्येकी जेमतेम मिनिटभर. पान मिटलं पण हिरवंगार आहे, तोच क्षण. मीठ खाली उतरवल्यावरच, आधी घातलं की पाणी सुटतं. मग वाफवलेली मोडाची मटकी वाटीभर, शेंगदाण्याची भरड दोन चमचे, मूठभर डाळिंबदाणे. लिंबू ताटात पिळा. लोखंडी कढईत पिळलं तर भाजी काळी पडते. पालेभाजीतलं लोह शरीर सहजी घेत नाही, लिंबाने ते सोपं होतं, जेवणावरच्या चहाने अवघड. सोबत ज्वारीची भाकरी.

गोळीबरोबर? अजिबात नाही, ही त्यातली सगळ्यात घातक ओळ. थायरॉईडची, म्हणजे थायरॉक्सिनची, गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, नंतर अर्धा ते एक तास काही खायचं नाही. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या तर चार तासांनी. सॅलड दुपारी खा.

21 दिवसांत साफ? पीसीओडीत बऱ्याच जणींचं इन्सुलिन नीट काम करत नाही. चोथा आणि मटकीतलं प्रथिन साखर हळू चढू देतं, एवढीच मदत. आणि रस गाळताना तो चोथाच फेकला जातो! गरोदर नसताना तीन महिने पाळी चुकली असेल तर डॉक्टर गाठा. रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू असेल, तर पालेभाजीचं रोजचं प्रमाण एकदम वाढवण्याआधीही विचारा. के जीवनसत्त्वाने तिचा परिणाम कमी होतो.