प्रभाग चारचा, मग नगरसेवक चारही एकाच पक्षाचे का?

२०२४च्या लोकसभेला महाराष्ट्रात महायुती आणि महाविकास आघाडीच्या मतांमध्ये अर्ध्या टक्क्याचाही फरक नव्हता. जागा? १७ विरुद्ध ३०. सहा महिन्यांनी विधानसभेला उलटं झालं. शरद पवारांच्या राष्ट्रवादीला ११ टक्क्यांवर मतं, आमदार १०. अजितदादांना ९ टक्के, आमदार ४१. (दादांनी जागा कमी लढवल्या होत्या, मान्य. तरी एवढी तफावत?) ज्याची जिरते तो मशीनला शिव्या घालतो. 'मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मतं, तोच निवडून' या जागा ठरवण्याच्या नियमाबद्दल कुणी ब्र काढत नाही.

२०१९च्या लोकसभेला वंचित बहुजन आघाडीला राज्यात जवळपास ७ टक्के मतं पडली, स्वतःचा खासदार एकही नाही. वर 'मतं खाल्ली' हा आरोप. आरोप करणाऱ्यांनो, ती मतं तुमच्या मालकीची कधी होती?

गंमत म्हणजे राज्यसभेसाठी आमदार प्रमाणशीर पद्धतीनेच, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा मिळतील अशाच पद्धतीने, मत देतात. त्यांना चालते, आपल्याला नाही.

बाबासाहेबांनी घटना समितीत या पद्धतीला विरोध केला होता: लोक निरक्षर आहेत आणि सरकार स्थिर हवं. पहिलं कारण आता बरंच मागे पडलंय. दुसरं अजूनही खरं आहे. प्रमाणशीर पद्धतीच्या इस्रायलने २०१९ ते २०२२ या काळात पाच निवडणुका घेतल्या. म्हणून माझं म्हणणं, लोकसभेला हात लावूच नका, महापालिकेपासून सुरू करा. तिथे बहुमत गेलं म्हणून कारभार थांबत नाही, तो आयुक्त चालवतात. पुण्यात २०२२नंतर कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, तरी पालिका चालूच होती. (चांगली चालली असं म्हणत नाहीये.)

पुण्यात चार नगरसेवकांचा प्रभाग आहेच. आज आपण अ, ब, क, ड अशी चार वेगळी मतं देतो. पॅनल टू पॅनल मतदान झालं, म्हणजे लोकांनी चारही मतं एकाच पक्षाला दिली, की ४२ टक्केवाला चारही जागा नेतो, उरलेल्या ५८ टक्क्यांना भोपळा. त्याऐवजी पक्षाला एकच मत द्या आणि मतांच्या प्रमाणात पक्षाच्या यादीतून नगरसेवक घ्या. ४२, २७, १९, १२ अशी विभागणी झाली तर पहिल्याला दोन, पुढच्या दोघांना एकेक. बारा टक्केवाला तरीही बाहेरच.

आरक्षणाची गाठ मात्र अवघड आहे. चार जागा तीन पक्षांत वाटल्यावर राखीव जागा कुणी भरायची? नेपाळने संसदेच्या यादीतच महिला, दलित, जनजातींचे वाटे बांधून दिलेत. आपल्याकडे निम्मे नगरसेवक प्रभागातून आणि निम्मे शहरभराच्या यादीतून घेतले, तर ते जमू शकतं.

'यादीत नेत्यांचे चेले भरतील' म्हणणाऱ्यांनो, आज वेगळं काय होतं? यादी निदान मतदानाआधी चौकात लावता येईल. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, शेवटच्या दिवशी कुणाच्या हातात पडणार, हे उमेदवारालाही ठाऊक नसतं.